रकाना चौथा : मूळ कारण

रात्री सव्वादोनला, सातपूरच्या लॅबमध्ये
जीसी म्हणालं, मी तयार नाही.
तसं ते रोजच म्हणतं, ओव्हन तापेपर्यंत.
पण आज ओव्हन तापलेलं, हायड्रोजन पुरेसा,
ज्योतही पेटलेली.
ती दिसत नाही कधीच,
म्हणून डिटेक्टरच्या तोंडाशी चष्म्याची काच धरली,
आजारी माणसाच्या नाकाशी आरसा धरतात तशी.
काच धुरकटली. म्हणजे श्वास आहे.

फक्त कॉम्प्युटर ओळख द्यायला तयार नाही.
पडद्यावर लाल पट्टी :
यंत्राशी संपर्क तुटला आहे.

ट्रेमध्ये बेचाळीस व्हायल,
दिंडोरीकडच्या वायनरीच्या टाक्यांमधलं थेंब थेंब,
आपापल्या नंबराखाली गप्प.
नऊ वाजता मिथेनॉलचा आकडा हवाय,
बाटल्या धुऊन उभ्या आहेत तिकडे.

केबल काढली, फुंकर मारून घातली.
पिंग केलं, चारही उत्तरं आली.
घरात माणूस आहे, हाकेला ओ देतो,
पण कडी काढत नाही.
ड्रायव्हर उडवला, पुन्हा बसवला.
बंद केलं, साठ आकडे मोजले, चालू केलं.
लाल पट्टी.
मग पुण्याला मुजावरांना फोन,
झोपेतूनच त्यांनी विचारलं,
मॅडम, तुम्ही काही बदललंत का?
नाही हो.
काहीतरी बदललं असणारच.

हे खरं होतं, पण मी नव्हतं बदललेलं.

बेंडकुळेमामा कोरा चहा घेऊन आले.
त्यांना सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही,
पण गुरुवारचा उपास असतो त्यांचा, वाराला पक्के.
पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले,
हे मंगळवार का म्हणतंय?

मंगळवार, एक जानेवारी, दोन हजार आठ.

लायसन्स पंधरा सालचं.
यंत्राच्या हिशेबानं ते जन्मलेलंच नाही अजून,
कुणाच्या परवानगीनं बोलायचं त्यानं?
माझ्या सगळ्या सह्या भविष्यात जाऊन पडलेल्या.
मी बारावीत, गंगापूर रोडच्या क्लासमध्ये
मोल आणि मोलॅरिटीत गोंधळ घालतेय.
आणि निरगुडे सर आहेत.
ओव्हनच्या दारावर चिकटपट्टी लावून
त्यांनी नुकतंच लिहिलंय : हळू लावा.
व्हायलला टिचकी मारून बुडबुडा वर आणतायत,
आणि कुणीही त्यांना अजून
कुठल्याही दवाखान्यात नेलेलं नाही.

चहा निवत गेला.
मी तारीख लगेच बदलली नाही.
किती वेळ, ते ऑडिट ट्रेलमध्ये असेल.

मग पॅनेल उघडलं.
मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी, मेलेली.
तसलीच एक माझ्या गाडीच्या किल्लीत होती.
मामांनी टॉर्च धरला,
मी नखानं ती बसवली, सेटिंगमध्ये जाऊन
वर्षं एकेक करून पुढे ढकलली.
एका सालाशी बोट जरा अडलं.
पट्टी हिरवी झाली.

पहिलं इंजेक्शन तीन सत्तावन्नला.
मिथेनॉल आलं आपल्या नेहमीच्या मिनिटाला,
त्याला कुठल्याच सालाचं सोयरसुतक नाही.
बेसलाइन सपाट, टिपेला टोकदार.
मामा म्हणाले, झालं का?
म्हटलं, झालं.

डिव्हिएशन फॉर्ममध्ये चौथा रकाना अरुंद असतो.
मूळ कारण : घड्याळाची बॅटरी संपली.
कुणाची सही, कुठली तारीख,
दोन्ही नीट तपासून लिहिलं.

सकाळी पार्किंगमध्ये बटण दाबलं,
गाडी हूं की चूं नाही.
दव होतं काचेवर.
किल्ली हातानं फिरवून दार उघडलं,
हळू.